नव्या गुडघ्यानं लोहगड

डिसेंबरात आईला लोहगडावर नेऊन सुखरूप परत आणलं. आई ७१ वर्षांची, उजवा गुडघा बदललेला. घरच्या ग्रुपवर फोटो टाकले तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून विचारतायत, डॉक्टरांनी सोडलं का, पायऱ्या कशा आहेत, किती वेळ लागला, आणि आवाज खाली आणून, बाथरूमचं काय केलंत. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. आम्ही काही ट्रेकर मंडळी नाही हे आधीच सांगते. मी बँकेत, आई पोस्टातून रिटायर, आणि आमच्या घरात गड म्हणजे शाळेच्या सहलीत बघितलेला सिंहगड आणि दिवाळीत मुलांनी केलेला मातीचा, एवढंच.

सुरुवात झाली ती जुलैत. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, ११ आपल्याकडचे आणि एक तामिळनाडूतला जिंजी. दुसऱ्या दिवशी पेपरात यादी वाचताना आई लोहगडापाशी थांबली आणि म्हणाली, हा बघायचा राहिलाय माझा. मला वाटलं होतं रायगड नाहीतर प्रतापगड म्हणेल. पण आईचं माहेर वाईचं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट, वसईच्या मोहिमेतून आणलेली ती भलीमोठी घंटा, हे सगळं तिच्या लहानपणच्या सुट्ट्यांतलं. नाना १८०० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेली बायको, जिऊबाई, अगदी पोरसवदा होती. पुण्यातल्या राजकारणात तिचा निभाव लागायचा नाही म्हणून ती लोहगडावर धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या आसऱ्याला राहिली, धोंडोपंत म्हणजे नानांचा विश्वासू माणूस. मग इंग्रजांनी मध्ये पडून तिला गडावरून खाली आणलं, ती पनवेलला गेली आणि पुढे मेणवलीला आली. आईनं मेणवली शंभरदा बघितलीय पण त्याच्या आधीची जागा कधीच नाही. "एवढीशी पोर कुठे राहिली ते बघायचंय मला," इतकंच तिचं म्हणणं.

माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालेलं, त्याआधी दीड-दोन वर्षं ती तुळशीबागेपर्यंतसुद्धा चालत नव्हती, आणि आता गड. मी लगेच सोपे पर्याय पुढे करायला लागले. सिंहगडावर गाडी वरपर्यंत जाते. रायगडाला रोपवे आहे, काही मिनिटांत वर. पुरंदरला गाडी माचीपर्यंत जाते, फक्त तो भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे आधार कार्ड दाखवून नोंद करावी लागते आणि वेळेत खाली यावं लागतं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाली, जिऊबाई पुरंदरला नव्हती.

झालं.

पाऊस चालू असेपर्यंत प्रश्नच नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडावर जाणं म्हणजे लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशी जाण्यासारखं आहे. २०२३ च्या जुलैत तिथे दरवाजात माणसं तासन् तास अडकली होती, तो व्हिडिओ सगळ्यांच्याच फोनवर येऊन गेला असेल. त्यामुळे मी आईला सांगितलं, आधी डॉक्टर, मग फिजिओ, मग बाकीचं बघू. मनातून वाटत होतं डॉक्टरच नाही म्हणतील आणि विषय मिटेल.

सप्टेंबरात फॉलोअपची तारीख होतीच. सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट आणि आत जाईपर्यंत एक वाजून गेला, मध्ये एक्स-रे काढून घेतला त्याचे ७०० आणि तपासणीचे ८००. (टीप: ऑपरेशनची फाईल, डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे एक्स-रे घेऊन जा, नाहीतर परत काढायला लावतात.) डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, वजन विचारलं, बीपी-शुगरच्या गोळ्या विचारल्या. मी हळूच म्हटलं, आईला लोहगडावर जायचंय. मला वाटलं हसतील. तर ते म्हणाले, "चढतील त्या. चढायचं मला विचारूच नका. उतरायचं कसं ते ठरवून या."

मी यातून एकच गोष्ट शिकले म्हणाल तर हीच. आम्हाला भेटलेला प्रत्येक माणूस विचारायचा, चढणार कशा हो काकू? उतरणार कशा, हे त्या डॉक्टरांशिवाय कुणीही विचारलं नाही. पुढची सगळी तयारी आम्ही उतरण्याची केली.

डॉक्टरांनी अटी घातल्या. ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, म्हणजे डिसेंबरच्या आधी जायचं नाही. उडी मारून उतरायचं नाही, कितीही छोटी असली तरी. उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही. आणि रोज जिना, पण फिजिओला विचारून.

फिजिओ मॅडम घरी यायच्या, एका वेळचे ५००. त्यांनी समजावलं की पायरी उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो आणि तो मांडीच्या पुढच्या स्नायूनं पेलायचा असतो, ऑपरेशननंतर नेमका तोच स्नायू वाळलेला असतो. म्हणून त्यांनी उलटा नियम केला, लिफ्टनं वर जायचं आणि जिन्यानं खाली यायचं. आमच्या सोसायटीत लोकांना वाटायला लागलं की आईचं डोकं फिरलंय, सकाळी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर जाते, कठडा धरून खाली येते, परत लिफ्टमध्ये शिरते. आणि एक मंत्र दिला, वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईच्या डाव्या हातात. आमच्याकडे सगळे उजव्या हातातच काठी द्यायला बघत होते. पाय खाली टेकायच्या आधी काठी टेकायची, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही. घाईला बंदी. आई पहिले पंधरा दिवस प्रत्येक पायरीला मोठ्यानं "दुखरा आधी" म्हणायची, जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही ते पाठ झालं.

दिवाळीनंतर पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि उताराच्या, मध्ये थांबायला जागा. पुण्यात ज्यांना जिन्याची पुढची पायरी गाठायची त्यांनी पर्वतीच धरावी, सकाळी साडेसहाला गेलं की आपल्यासारखेच गुडघेवाले पुष्कळ भेटतात. एकच तोटा, सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. एका काकांनी आईला थांबवून ऑपरेशन कुठे केलं, इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, किती खर्च आला सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर ऑपरेशन केलंच नसतं. आई म्हणाली, तुम्ही माझ्या जागी असता तर खालीच बसून असता. नोव्हेंबर उजाडेपर्यंत ती कठड्याला न धरता पर्वती उतरायला लागली. मध्ये एकदा सिंहगडलाही जाऊन आलो, वनखात्याच्या नाक्यावर गाडीचे १०० भरून थेट वरच्या पार्किंगला, तिथून पुणे दरवाजा आणि परत, खडबडीत दगडावर काठी कशी बसते ते बघायला. दही आणि पिठलं-भाकरी हा त्या सरावाचाच भाग होता असं आई म्हणते.

आणि मग मी आणि माझा भाचा ओंकार, आम्ही दोघंच आधी लोहगड बघून आलो. हे जरूर करा. नेटवर "सोपा किल्ला, लहान मुलंही जाऊ शकतात" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते लिहिणारे पंचविशीतले असतात. ओंकारनं मेजर टेप नेली होती आणि तो पायऱ्या मोजत बसला, येणारे-जाणारे विचारत होते सरकारी सर्व्हे आहे का. खालच्या पायऱ्या सहा-सात इंचांच्या, आरामात जमणाऱ्या. पण दरवाजांच्या आसपास जुन्या घडीव दगडाच्या पायऱ्या आहेत त्या कुठे नऊ, कुठे अकरा इंच, आणि झिजून मधोमध खोलगट झालेल्या. आईचा जिना सहा-साडेसहा इंचांचा. घरी येऊन ओंकारनं पाटावर पाट ठेवून अकरा इंच केले आणि आईला त्यावरून उतरायची प्रॅक्टिस दिली, मी मागे उभी. बसायला सावली कुठे, कठडा कुठे आहे, कुठे नाही, माकडं कुठल्या वळणावर जास्त, हे सगळं मी एका कागदावर लिहून आणलं.

आता बाथरूम. पायथ्याच्या गावात जेवणाची सोय करणाऱ्या घरांत संडास आहे, स्वच्छ आहे, पण भारतीय पद्धतीचा. गुडघा बदललेल्या माणसाला तो चालत नाही. उपाय म्हणजे फोल्डिंगची कमोड खुर्ची, सर्जिकलच्या दुकानात मिळते, आम्हाला १,६५० ला पडली. घडी करून डिकीत मावते, भारतीय संडासावर उभी करायची की झालं. ज्यांच्या घरात असं पेशंट आहे त्यांनी कुठल्याही प्रवासाला ही न्याच, लग्नाकार्यालासुद्धा. लाजायचं काय त्यात. वर गडावर मात्र सोय धरू नका. आईनं सकाळपासून पाणी कमी प्यायचं असलं काहीही केलं नाही, मी करू दिलं नाही, वर जाण्याआधी आणि उतरल्यावर अशा दोन वेळा ठरवून ठेवल्या होत्या, तेवढ्यानं निभावलं.

तारीख ठरवली मंगळवार १६ डिसेंबर. मंगळवार मुद्दाम, गर्दी नको म्हणून, मी सीएल टाकली, ओंकारचं कॉलेज त्याच्या मर्जीवर चालतंच. लोकलनं मळवलीला जाता येतं आणि ते सगळ्यात स्वस्त, शिवाजीनगरहून तिकीट १५ रुपयांच्या घरात, पण तिथून भाजे गावातून पायथ्यापर्यंत बरीच चढण आहे, रिक्षा करावी लागते, आणि दुपारी लोकल विरळ असतात. पेशंट बरोबर असेल तर गाडीच न्या.

पहाटे सहाला कोथरूडहून निघालो. जुन्या हायवेनं देहूरोड, सोमाटण्याचा टोल, वडगाव, कामशेत, आणि कार्ला फाट्याला डावीकडे मळवली. मळवलीच्या पुढे एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडला की भाजे, आणि तिथून पुढे जो घाट लागतो तो चांगलाच उभा आहे, पहिल्या गिअरला गाडी रडते. वर गायमुख खिंड, एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. आई तोपर्यंत गप्पा मारत होती, खिंडीत तिनं मान वर करून लोहगडाचा कडा बघितला आणि गप्प झाली. मी म्हटलं, परत फिरायचं का? म्हणाली, नाही गं, चष्मा पुसायला दे.

लोहगडवाडीत आठला पोचलो. गाडी लावायचे ५० घेतले. जिथे जेवण सांगायचं होतं त्या घरी आधी चहा घेतला, खुर्ची वापरून झाली, आणि ताईंना सांगितलं, परत यायला अडीच-तीन वाजतील. त्या आईकडे बघून म्हणाल्या, आजी, हळू जा, भाकरी काय पळून जात नाही.

नऊला खिडकी उघडल्यावर तिकीट काढलं, माणशी २५ रुपये. क्यूआर कोडनंही घेता येतं पण फोनला रेंज लागेल न लागेल, सुटे पैसे जवळ ठेवा. सॅकमध्ये पाणी, ग्लुकोज, चिक्की, उकडलेली रताळी, बीपीच्या गोळ्या, क्रेप बँडेज आणि ओंकारच्या पाठीवर एक घडीचं स्टूल, मासे पकडणारे वापरतात तसलं पण जरा उंच. हे स्टूल म्हणजे त्या दिवसाचा हिरो. दगडावर बसलं तर उठताना गुडघा फार दुमडतो, स्टुलावरून उठणं सोपं. दर पंचवीस-तीस पायऱ्यांना ओंकार स्टूल उघडायचा, आई बसायची, मी घड्याळ बघायचे, दोन मिनिटं झाली की चल.

लोहगडाला एकापाठोपाठ एक चार दरवाजे आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, आणि वाट अशी वळत वळत जाते की एका दरवाजातून पुढचा दिसत नाही. शत्रूसाठी केलेली ही युक्ती गुडघ्यासाठी फार सोयीची निघाली. किती राहिलंय ते दिसतच नाही, त्यामुळे जीव घाबरा होत नाही, आणि प्रत्येक दरवाजात सावली आणि थांबायला निमित्त. गणेश दरवाजात आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. त्याच्या बुरुजाखाली एका घराण्यातल्या माणसांचा बळी दिला आणि त्याबदल्यात त्या घराला लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली अशी तिथली आख्यायिका आहे. आईनं ते ऐकलं आणि बुरुजाकडे बघून बूट काढायला वाकली, मी म्हटलं आई बूट काढायला लागू नकोस, परत घालताना वाकता येणार नाही, तर म्हणाली बरं मग, आणि नुसतेच हात जोडले.

नारायण दरवाजाजवळ भात-नाचणी साठवायचं भुयार आहे. हा दरवाजा नानांनीच बांधलेला, हनुमान दरवाजा त्याहून जुना. महादरवाजाचं काम त्यांनी १ नोव्हेंबर १७९० ला सुरू करून ११ जून १७९४ ला संपवलं. पोस्टात हिशेब बघण्यात आयुष्य गेलेल्या आईला सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख टिकून राहिलेलं काम बघून अगदी भरून आलं. "बघ, कामाच्या तारखा अशा असाव्यात," म्हणाली आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कामाचा विषय काढला, तो पुढच्या स्टुलापर्यंत चालला.

नऊ-अकरा इंचवाल्या पायऱ्या हनुमान दरवाजाच्या अलीकडे-पलीकडे लागल्या. तिथे ओंकार वरून हात द्यायला, मी मागे. फिजिओ मॅडमनी बजावलं होतं की हात ओढायचा नाही, नुसता आधाराला द्यायचा, ओढलं की तोल जातो. एका ठिकाणी मुलांचा एक घोळका धावत खाली आला, त्यातल्या एकानं आईला बघून मागच्यांना ओरडून सांगितलं, "ए, आजी आहेत, साइड द्या," आणि सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. आई त्यांच्या मधून अशी गेली जशी काय पालखीच. आपण उगीच आजकालच्या पोरांना नावं ठेवतो.

महादरवाजातून आत आलो तेव्हा अकराला दहा कमी होते. लोक पाऊण तासात जातात, आम्हाला पावणेदोन तास लागले. मला वर पोचल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही, माझ्या डोक्यात त्या अकरा इंचाच्या पायऱ्या उलट्या दिशेनं फिरत होत्या.

वर सपाटी आहे, दर्गा, पडक्या सदरेचे अवशेष, चुन्याची घाणी, पुढे लक्ष्मी कोठी, महादेवाचं देऊळ. ऊन होतं पण वारा गार. समोर विसापूर, पलीकडे पवनेचं पाणी, तुंग आणि तिकोना. आईला कशातच रस नव्हता, तिला बाव, म्हणजे विहीर, बघायची होती. नानांनी बांधलेली ही सोळा कोनांची बाव, आणि शेजारी लेख आहे, शके १७११ मध्ये बाळाजी जनार्दन फडणीस यांनी धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्यामार्फत बांधली अशा अर्थाचा. शके १७११ म्हणजे १७८९. अक्षरं झिजलीयत, ऊन तिरकं असेल तर जरा लागतात. आईनं स्टूल मांडून घेतलं आणि एकेक कोन मोजला, मग लेखाकडे बघत बसली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "नित्सुरे म्हणजे तोच ना, ज्याच्याकडे ती राहिली. मग पाणी इथलंच भरत असणार तिच्यासाठी." मला अशा गोष्टी सुचत नाहीत, मी फोटो काढला.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, आम्ही गेलो नाही. तिकडे जाताना मध्ये कातळावरून खाली उतरावं लागतं, ते डॉक्टरांच्या उडीच्या अटीत बसत नव्हतं. ओंकार एकटा जाऊन आला, आई लांबून ती सोंड बघत रताळं खात बसली. गडावर राहून कसं चालेल, म्हणून तिनं दरवाजाकडे तोंड करून स्वतःच विचारलं, निघायचं का.

सव्वाबाराला उतरायला सुरुवात केली. मुद्दाम लवकर, दमलेल्या पायानं उतरू नये म्हणून. आता क्रम बदलला, ओंकार आईच्या पुढे एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, म्हणजे तो स्वतः उलटा उतरत होता, आणि मी तिच्या बाजूला, दरीकडच्या अंगाला. काठी, दुखरा, चांगला. काठी, दुखरा, चांगला. मोठ्या पायऱ्यांवर आई तिरकी व्हायची, कड्याच्या भिंतीला हात लावून एका अंगानं उतरायची, हे घरच्या पाटांवर केलेलं होतं. नारायण दरवाजाच्या खाली तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. तिनं ते सांगितलं नाही, मला काठीचं टोक हलताना दिसलं. स्टूल, ग्लुकोजचं पाणी, मांडीला क्रेप बँडेज, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी जुलैपासूनचे सगळे निर्णय परत तपासून पाहिले. तेवढ्यात एका माकडानं ओंकारच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातली चिक्की काढून नेली आणि समोर कठड्यावर बसून कागद सोलायला लागलं, अगदी सराईतासारखं, आणि आईला जे हसू फुटलं ते थांबेना. हसून उठली ती नीट उठली. (टीप: खाण्याचं काहीही बाहेरच्या कप्प्यात नको, हातात पिशवी तर नकोच नको.)

खाली पोचलो तेव्हा पावणेतीन. चढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ उतरायला, आणि हे अगदी बरोबर झालं असं नंतर फिजिओ मॅडम म्हणाल्या. ताईंकडे पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणी भात आणि ताक, १८० रुपये ताट. पंगत ओसरीवर होती, मी विचारायच्या आधीच त्यांनी आईसाठी घरातून खुर्ची आणि पाट टेबलासारखा मांडून दिला.

घरी यायला साडेसहा झाले. त्या रात्री गुडघ्याला बर्फ, पंधरा-पंधरा मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून. दुसऱ्या दिवशी गुडघा थोडा सुजला होता, गरम लागत होता, मी फोटो काढून डॉक्टरांच्या असिस्टंटला पाठवला, त्यांनी ताप आहे का, पोटरी दुखते का विचारलं. दोन्ही नव्हतं, म्हणून बर्फ आणि आराम चालू ठेवा म्हणाले. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. पोटरीत दुखणं, लाली किंवा ताप असला तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलेलं. खरं दुखत होता तो डावा, न बदललेला गुडघा, आठवडाभर. आता त्याचा एक्स-रे फेब्रुवारीच्या तपासणीत काढायचाय.

त्या दिवसाचा खर्च तिघांचा मिळून पेट्रोल, टोल, पार्किंग, तिकिटं आणि जेवण धरून अडीच हजारांच्या आत बसला. फिजिओची फी आणि कमोड खुर्ची वेगळी, पण ती लोहगडाच्या खात्यावर टाकायची का यावर आमचं एकमत झालेलं नाही. कुणाला खुर्ची किंवा स्टूल एखाद्या दिवसासाठी हवं असेल तर घेऊन जा, परत करताना पुसून आणा.